अकरा दिवस

किसुमूच्या हायकोर्टात आज होडीबद्दल
कुणी काही बोललं नाही.
न्यायमूर्ती म्हणाल्या, आधी अर्ज.

अपील क्रमांक एक्केचाळीस : झाब्लोन ओगोला.
निकालात इंजिन मिळालं, होडी नाही.
अपील क्रमांक त्रेपन्न : पर्पेतुआ अदोंगो, त्याची भावजय,
नवरा सरोवरात गेलेला.
हिला होडी मिळाली, इंजिन नाही.
एकाच निकालाची दोन रुसलेली पोरं
वेगवेगळ्या कपाटांत वाढलेली.

पहिला अर्ज : दोन्ही अपिलं एकत्र चालवावीत.
वकिलांची हरकत नाही,
दोघांनाही दुपारी एकाच गाडीने काकामेगाला जायचं होतं.

दुसरा : तोवर होडी कुणी हलवू नये.
ती डुंगाच्या किनाऱ्यावर पालथी आहे,
खाली कोंबड्या अंडी घालतात.
आदेश : जैसे थे.
कोंबड्यांनी तो आधीपासूनच पाळलाय.

तिसरा विलंब माफीचा.
बाई अकरा दिवस उशिरा आल्या.
शपथपत्रात कारण : प्रमाणित प्रत मिळाली नाही,
अर्जदाराच्या हाताबाहेरच्या कारणास्तव.
दिराचा वकील उठला,
झोपलेल्याला उठवायला कायदा येत नाही, म्हणाला.

मी खालच्या टेबलाशी, फायलींची दोरी
बोटाला गुंडाळत, सोडत.
ते हाताबाहेरचं कारण म्हणजे माझा हात.
प्रिंटरची शाई संपली होती,
मागणीपत्र मी लिहिलं, सहीला नेलं नाही.
ती रोज खिडकीशी यायची
मासळीचा वास, मुठीत घामेजलेली पावती घेऊन,
आणि मी म्हणायचो, उद्या या.
उद्याला स्टॅम्प लागत नाही.

"कार्यालयाचं काय म्हणणं आहे?"
न्यायमूर्तींनी चष्मा काढला होता.
मी उभा राहिलो. नक्की राहिलो.
"शाई नव्हती," म्हणालो.
ती कुणी आणायची होती, हे त्यांनी विचारलं नाही
आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यायची
आमच्याकडे पद्धत नाही.

विलंब माफ. खर्चाबाबत आदेश नाही.
माफी तिच्या नावे निघाली,
जावक वहीत मी नोंदवली, सुवाच्य अक्षरात.

चार वाजता दोन्ही फायली एका दोरीत बांधल्या,
गाठ जरा जास्तच घट्ट बसली.
बाहेर पायऱ्यांवर दीर तिला विचारत होता
आज किती निघाली अंडी?
तिने पदरासारखा कंगा सावरला
आणि पिशवी उघडून दाखवली.