म्हैस भुर्र

सरकारी पेटीतले लाकडी ठोकळे
इंदूमावशीला चुलीपाशी सापडले, अर्धे जळालेले.
कोणी घातले, ते मी विचारलं नाही.
तेव्हापासून आमचं गणित सरकीचं:
मूठभर सरकी, दोन वाट्या,
आणि नियम एकच, नाकात घालायची नाही.
(नियम मोडतो. चिमटा माझ्या पर्समध्ये असतो.)

पाच म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही.
पाच म्हणजे फणीतली पाच केळी तोडून ओळीत ठेवणं
आणि सहावं पाठ फिरवून खाणं.
लहान-मोठं शिकायला दारातल्या चपला लावतो,
सगळ्यात शेवटी माझी,
इंदूमावशी तर अनवाणीच येते.
रंगांचे तक्ते उंदरांनी नेले.
कापूस पांढरा, केळफूल जांभळं,
आणि हिरवा कुठला म्हटलं की
सगळे हात खिडकीबाहेर.

बुधवारी चोपड्याहून मॅडम आल्या.
गोधडीवर बसल्या, वही मांडीवर.
म्हणाल्या, मुलं ऐकून विचार करतात का, दाखवा.
मी गोल केला. बोटं जमिनीवर टेकवली.

चिमणी भुर्र.
सतरा बोटं वर.
पोपट भुर्र.
सतरा.
म्हैस भुर्र.
यमुनाचे दोन्ही हात वर!
बाद झाली तरी हसतेय,
बाद होऊन भिंतीला टेकली तरी हसतेय,
तिची म्हैस अजून वरच असावी.

खाट भुर्र.
कोणी हललं नाही. मॅडमनी वहीत खूण केली.
पत्रा भुर्र.

एक बोट.
हिमांशूचं, हिलालबाबाच्या नातवाचं.
मी म्हटलं, बाद रे. पत्रा कुठे उडतो?
तो बोट खाली घेईना.
"उडस ना, बाई. आमना उडी गया."

मग आठवलं.
मे महिन्यातलं वावधन, पंधरा मिनिटांचं.
अनेरपर्यंत केळी आडव्या,
आणि त्यांच्या घरावरचा पत्रा
तीन शेतं ओलांडून सापडला,
भाकरीसारखा दुमडलेला.
तेवढा वेळ हा खाटेखाली होता.
खाट उडत नाही,
हे वर्गात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पलीकडे रुमलीनेही बोट उचललं.
पाड्यावरून येते, जूनपासून एक शब्द बोललेली नाही.
तिचाही पत्रा गेला होता, की तिने नुसतं त्याचं पाहिलं,
मला माहीत नाही. मी विचारलं नाही.
विचारायला तिची भाषा मला येत नाही,
हेही खरं.

मॅडमचं पेन थांबलेलं.
"हे बरोबर लिहू की चूक?"
मी म्हटलं, तुम्हीच सांगा, तुमच्या घराला स्लॅब आहे ना.
जरा जास्तच बोलले.
त्यांनी काय लिहिलं, मला दिसलं नाही.
खिचडी मात्र दोनदा घेतली, वर लोणचं.

नंतर हिमांशूला मी मधे बसवलं, आता तू सांग.
त्याने कावळा उडवला, विमान उडवलं,
पापड उडवला. त्यावर भांडण झालं,
कारण उडदाचे पापड वाळत घातलेले असतात तेव्हा
कधीकधी, खरंच, उडतात.

बाहेर स्कूटी सुरू झाली,
धूळ उठली, वळणावर हेल्मेट दिसेनासं झालं.
"मॅडम भुर्र," तो म्हणाला.

सतरा बोटं वर. यमुनाचे दोन्ही हात.
दारात इंदूमावशीचा पळा.
आणि नियमाने आम्ही सगळेच बाद असताना
माझंही.