गीत : पारंपरिक

लहानपणी रेडिओवर
गायिकेचं नाव यायचं, संगीतकाराचं यायचं,
आणि मग निवेदिका म्हणायची, गीत पारंपरिक.
मला वाटायचं, हे कुणीतरी श्री. पारंपरिक असावेत,
कोट घालणारे, कऱ्हाडकडचे.
एवढी गाणी लिहिली म्हणजे घर दोन मजली नक्की.

आता नॅशव्हिलमध्ये, चौथ्या मजल्यावर,
खिडकीखाली टायर बदलायचं दुकान,
मी त्यांच्याच नातेवाइकांना शोधायचा पगार घेतो.

पडद्यावर नोंदी. गाणं आहे, गायक आहे,
किती वेळा वाजलं तेही आहे.
लिहिणाऱ्याच्या रकान्यात
एक आडवी रेघ, किंवा नुसतं आद्याक्षर,
किंवा कुणाच्या तरी कुत्र्याचं नाव.
एकदा वाजलं की सेंटचा विसावा भाग.
थेंबे थेंबे साचतं, तळं कुणाचं ते ठाऊक नाही.
अशा पैशाला आपण बेवारस म्हणतो.
स्टेशनवरच्या बॅगेला म्हणतो तोच शब्द,
शवागारातल्या माणसाला म्हणतो तोच.

मुदत संपली की तो वाटून टाकायचा :
ज्याचं आधीच जास्त वाजतं त्याला जास्त.
नियमात हे इतकं सरळ लिहिलंय
की पहिल्यांदा वाचताना मीही मान डोलावली होती.

सोमवारी एका नोंदीवर बोट थांबलं.
सत्त्याऐंशी लाख वेळा वाजलेलं गाणं,
बहुतेक वेळा रात्री दोननंतर,
म्हणजे झोप न येणाऱ्यांचं.
व्ही. स्टिडम. मधला एच गळालेला.
एच लावला तर पाइकव्हिल, केंटकी :
व्हर्ना स्टिडहॅम, वय एकोणऐंशी,
शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त.

फोन केला. म्हणाल्या, मला काही विकत घ्यायचं नाही.
पुन्हा केला. म्हणाल्या, बँकेचा नंबर मिळणार नाही.
तिसऱ्यांदा फक्त श्वास, आणि मागे टीव्हीवरचं हवामान.
त्यांचं बरोबरच होतं.
कुणी परक्या उच्चारात
तुमचे चार हजार तीनशे अकरा डॉलर आमच्याकडे आहेत म्हटलं
तर माझी आईसुद्धा फोन ठेवते.

चौथ्यांदा मी पैशाचं काढलंच नाही.
दुसऱ्या कडव्यातली ओळ म्हटली, चालीशिवाय,
शाळेचा दाखला वाचावा तशी :
तुझा चमचा अजून आहे डोअरमध्ये.

पलीकडे खुर्ची सरकली.
डोअर नाही, म्हणाल्या. ड्रॉवर.
चमचा दारात कशाला असेल, बाळा?
आमच्याकडे दोन्ही एकसारखंच म्हणतात,
त्या पोरानं स्टुडिओत चुकीचं ऐकलं
आणि एकतीस वर्षं सगळे चुकीचं गातायत.
ड्रॉवर. त्याचा चमचा.
बाकी सगळं मी देऊन टाकलं होतं.

नऊ पानांच्या अर्जात पुराव्यासाठी अकरा चौकटी आहेत.
या पुराव्याला एकही नाही.

मुदत गुरुवारी संपते, मी म्हटलं.
नातू शनिवारी येतो, कॉम्प्युटर त्यालाच कळतो.
पैशाचं मग बघू, म्हणाल्या,
आधी ती ओळ नीट करून घे.
लिहिलंस?

लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात, घाईत, देवनागरीत :
वारस हयात. दार नव्हे, ड्रॉवर.
उद्या डार्लीन विचारेल, ही कुठली भाषा.

खाली टायरवाल्यानं हवेचं मशीन चालू केलं.
मी अर्ज छापायला टाकला, नऊच्या नऊ पानं.
चौथं पान अडकलं, ओढून काढलं.
नकाशात पाइकव्हिल सहा तास दाखवतंय.
बुधवारची रजा मिळते का बघतो.