डेडस्टॉक

विलीनीकरणाआधी यादी पाठवा, असं विद्यापीठाचं पत्र.
नमुना सात रकान्यांचा.
सोलापूरचा मे. शरीररचना विभागात
पंखा नुसता आवाज करतो.

मी लिहीत जाते : लोखंडी टेबलं एकोणीस,
त्यातलं एक लंगडं.
सूक्ष्मदर्शक अकरा. बरण्या...
बरण्या नरसय्या मोजतो, तेलुगूत, ओठांतल्या ओठांत,
आणि आकडा मला मराठीत देतो.

मग कोपऱ्यातला सांगाडा.
खरेदीचं वर्ष? किंमत?
"विकत नाही आणला, मॅडम.
स्वतःहून आला. साखर पेठेतला, आमच्याच बोळातला,
चादरीच्या मागावर असायचा.
जाताना म्हणाला, शिकू दे पोरांना."

पलीकडे ऑफिसात वाद चाललाय,
नव्या पाटीवर कुणाचं नाव आधी.

किमतीचा रकाना मी रिकामा सोडते.
पत्र परत येणार, ठाऊक आहे : त्रुटीची पूर्तता करावी.
'सद्यःस्थिती'खाली लिहिते, उभा.

नरसय्या फडकं पिळून
बरगड्या पुसतो, एकेक,
तुटलेला धागा शोधावा तशी बोटं घालून.
मग विचारतो,
"तिकडं नेताना टेम्पोत आडवा घालायचा,
का माझ्याशेजारी बसवू?"