गलात्स, तिसरा मजला

झेनोविआबाईंचं स्वयंपाकघर चार दिवस भाड्यानं घेतलं.
भिंत फारच स्वच्छ निघाली,
मग कोरा चहा फासून ओल आणली.
सिंकवरचा आरसा दिग्दर्शकानं काढायला लावला:
"आरशात बघणारी बाई म्हणजे मनाचा सिनेमा.
आपल्यात भांडी घासतात."
मी तो जिन्यात नेऊन ठेवला, तोंड भिंतीकडे.
जागेवर कॅलेंडर.

नटीनं एकच पातेलं अकरा वेळा घासलं.
बाई दारातून पुटपुटल्या, "एवढं कोण घासतं?"
आवाज नंतर भरायचा होता,
कुणी ऐकलं नाही.

कॅमेरा पेटीत गेला, कॅलेंडर उतरलं.
मी वायरी गुंडाळत होतो.
आरशाएवढ्या पांढऱ्या चौकोनासमोर
बाई केस विंचरत उभ्या,
ओठांत पिन धरून,
भांग अगदी सरळ.