पाण्याची रेघ

रात्री दहाला सोयाबीन भिजवते,
मूठभर ज्वारी वेगळ्या वाटीत.
सकाळी दाणे दुप्पट फुगलेले,
सालं चिमटीत धरली की सुटतात,
लहान मुलाच्या अंगातलं ओलं झबलं निघावं तशी.

मशीन कॉलेज रोडवरून आणलं, हप्त्यावर.
भांड्याच्या आत दोन रेघा कोरलेल्या.
पाणी या दोन रेघांच्या मधे पाहिजे,
कमी नको, जास्त नको.
आणि मी, दूधबाजारातल्या मल्लूअप्पा गवळ्याची धाकटी,
नाशिकच्या डिसेंबरात, बोटं बधिर होत असताना
नळाखाली भांडं धरून
दुधात पाणी घालते.
उघडपणे. रेघेपर्यंत.

आमच्या घरात दुधाजवळ पाणी हा शब्द काढायचा नाही.
भावाने एकदा कॅन विसळलेलं पाणी
मापात राहू दिलं,
तर अप्पांनी ते अख्खं माप गटारीत ओतलं
आणि त्याला दुकानाच्या पायरीवर बसवलं,
संध्याकाळपर्यंत,
येणाऱ्याजाणाऱ्याला कारण सांगत.

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझं पोट फिरलं.
डॉक्टर म्हणाले, दूध बंद.
मी हसले. त्यांना वाटलं, ही सुटली.

मशीन आधी नुसतं तापतं.
मग एकदम घरघर,
पाथर्डी फाट्याचा आमचा चौथा मजला जागा होईल अशी,
मग गप्प, मग पुन्हा.
समोरच्या साळवे वहिनी म्हणतात,
तुमचा ट्रक निघाला वाटतं.
बावीस मिनिटांनी तीनदा टीं टीं.
झाकण उघडलं की फेस
आणि कच्च्या शेंगेचा वास.
उकळूनही थोडा उरतोच, खोटं कशाला बोलू.

हिवाळ्यापुरते राहायला आलेले अप्पा, वय त्र्याऐंशी,
ओट्याला टेकून बघत होते.
मी फडक्यातून गाळलं, पिळलं.
गाय कुठली? म्हणाले.
लातूरची. पिशवीवर तसं लिहिलंय.
हसले नाहीत.
करंगळी बुडवली, एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला,
नख तिरकं करून पाहिलं.
मग त्यांच्या बॅगेतून, कपड्यांच्या खालून,
पंचात गुंडाळलेला लॅक्टोमीटर काढला.
चाळीस वर्षं या एका काचेने त्यांनी
अर्ध्या भद्रकालीचा खरेपणा तपासला होता.
ग्लासात सोडला. दोनदा डोलला, थांबला.
आकडा वाचला, मला सांगितला नाही.
म्हणाले, याला कळत नाहीये हे काय आहे.
तरी तरंगतोय.

मी म्हटलं, अप्पा, हुरड्याच्या आधी
दाणा दुधात आलाय, असं तुम्हीच म्हणता ना?
आई कुरडयांसाठी गहू भिजवून काढायची, तो चीक.
म्हैस व्यायली की पहिल्या दिवशी निघतो, तोही चीक.
माझं काय चुकलं?
ते काही बोलले नाहीत.
माझ्या हातातलं फडकं घेतलं
आणि मला पिळणंसुद्धा येत नाही अशा आविर्भावात
पुन्हा पिळलं.
आणखी अर्धी वाटी निघाली.

चोथा मी थालीपिठात घालते.
त्या दिवशी ताटली रिकामी.
अप्पा खाली, रस्त्यापलीकडे,
कुणाच्या तरी बांधलेल्या म्हशीसमोर उभे,
तिच्या पाठीवर थापटत.
वर आल्यावर म्हणाले, खाल्लं तिने.
उद्या सकाळी त्याचं दूध होईल.
तुझ्या मशीनपेक्षा वेळ लागतो जरा.

प्यायले मात्र नाहीत. अजूनही नाही.
त्यांचा चहा वेगळा, प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या दुधाचा,
ज्याला ते स्वतःच दूध म्हणायला तयार नाहीत.

पण रात्री दिवे मालवले की
विरजण लावलंस का, असं आईला विचारायचे
त्याच आवाजात
अंथरुणातून हाक येते:
भिजवलंस का गं?