लिहायचं हाय, म्हणायचं आय

एन-सातच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही तिघी आणि एक सिलिंडर.
फ्रीजवर तहसीनच्या अक्षरात पाळ्या:
सोमवार कचरा, मंगळवार भाजी,
पाणी येईल तो दिवस सगळ्यांनी.

तो दिवस कुठला, ते कोणालाच ठाऊक नसतं.
आठवा, कधी दहावा.
पहाटे साडेतीनला नळ खोकतो,
वनमाला अंधारातच ओरडते, उठा गं,
आणि मी पाइप धरून उभ्या उभ्या
क्रियापद चालवते:
तेंगो, तिएनेस, तिएने.
माझ्याकडे आहे, तुझ्याकडे आहे, तिच्याकडे आहे.
ड्रम गळ्याशी येतो
तोवर आम्ही, तुम्ही आणि त्यासुद्धा होऊन जातात.

स्पॅनिश कशापायी, दादा विचारतात औशाहून.
इंग्रजीवाले गाईड वेरूळला बक्कळ झालेत, मी सांगते,
स्पॅनिशवाले मोजकेच,
त्यातल्या एकाचे गुडघे गेलेत म्हणे.
पगार?
दादा, हा शब्द तिकडेही आहे,
फक्त तिकडे त्याचा अर्थ पैसे देणं.
मग बराबर हाय, म्हणतात. देणारा मीच. कधी भरायचेत?

देगलूरकर मॅडमचा क्लास औरंगपुऱ्यात,
खाली लग्नपत्रिका छापायचं मशीन,
त्याच्या ठेक्यावर आम्ही म्हणतो, मे गुस्ता एल ते.
इंग्रजीतून जाऊ नका, मॅडम सांगतात, वळसा पडतो.
सरळ आपल्यातून जा. मला चहा आवडतो.
सगळं काम चहाच करतो,
आपण नुसतं 'मला' होऊन बसायचं.
पुस्तकात होतं, मी जेवत आहे.
मी वहीत लिहिलं, जेवायलेय.
मॅडमनी वही बराच वेळ हातात धरली.
खोडलं नाही.

घरभर चिठ्ठ्या लावल्या मी.
खुर्चीला ला सिया, दाराला ला पुएर्ता,
मिठाच्या बरणीला ला साल.
तहसीन नाईट ड्यूटीवरून आलेली, चपलाही पायातच:
कायका साल गे? गेलेला का येनेवाला?
वाफेनं चिठ्ठी सुटली, कोणीतरी साखरेला डकवली.
खारट चहा पिऊन वनमाला
परीक्षेला गेली ती दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी नळ आला, बोलावंच लागलं.

आता हे 'आहे'.
त्यांचा एच मुका.
लिहायचं हाय, म्हणायचं आय.
नाही असेल तर, नो आय.
सगळा वर्ग एका दमात, नो आय, नो आय,
मी ओठ हलवले फक्त.
आमच्या घरी आय म्हणजे आय.

पुठ्ठ्याची पाटी केली ड्रमसाठी.
एका बाजूला आय आग्वा, पाणी असलं की.
उलटी केली की नो आय आग्वा.
कोणी झाकण उघडून बघत बसायला नको.

श्रावण संपता संपता आय आली, मोतीबिंदू दाखवायला.
डोळ्यांत थेंब घातलेले, तरी पाटीशी वाकली,
एकेक अक्षर बोटानं चाचपत.
आय आग्वा.
माझ्यावरनं लिवलीस का काय गं?
मी सांगितलं नाही, मागची बाजूही आहे म्हणून.

त्या रात्री नळ आला, आम्हाला कळलंच नाही.
उठलो तेव्हा ड्रम, बादल्या, कुकर,
वनमालाचा चहाचा मगसुद्धा भरलेला
आणि आय ला सियावर बसून
कांदा चिरायली होती.
ऐकू आलं मला, म्हणाली, ते पाणी खोकल्यागत करतंय.

सकाळच्या एसटीनं गेली.

आज अकरावा दिवस.
ड्रममध्ये तांब्या घातला की तळ खरवडतो.
पाटी उलटायची पाळी माझी,
फ्रीजवर लिहिलेलंय तसं.
तहसीन ड्रमवर टिचकी मारते, पोकळ वाजतो.
झूट लिक्खेली है गे तेरी पाटी.

राहू दे, म्हणते मी.
व्याकरण आहे.