डावा, उजवा

देवळाली कॅम्पातल्या त्या बंगल्यात
खोरशेद दुबाशबाईंनी पैसे मोजून घेतले नाहीत.
म्हणाल्या, याच्यावर कुंडी ठेवायची नाय.
कोणी पण सांगितलं तरी.
मग चपला अडकवून फाटकापर्यंत आल्या
आणि टेम्पोवाल्याला दोनदा बजावलं,
खड्डे बघून.

मी मागेच बसले, दोघांच्या मध्ये,
एकेक हात एकेकाच्या माथ्यावर.
लॅम रोड संपेपर्यंत
उजव्याच्या पोटात एक सुटा स्क्रू
खुळखुळत होता.

सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर,
जाळीचं कापड उतरवलं
तर कोनाभोवतीची फोमची कड
बोट लागताच गळून पडली,
चिकट, काळी, काजळीसारखी.
वाजून नाही झिजली ती. न वाजता.

ओझरच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी इन्स्पेक्शनला होते.
दोन मायक्रॉन इकडेतिकडे
की लाल खडूने फुली.
विमानं उडाली. मी एकातही बसले नाही.
पण बोटांना अजून कळतं,
म्हणून कडेवरून नख फिरवताच कळलं :
हा साग नव्हे,
सागाची साय.
अर्धा मिलिमीटर, फार तर सहा दशांश,
खाली सगळा दाबलेला भुसा.

भद्रकालीतून शब्बीर पॉलिशवाले आले.
चष्मा कपाळावर, नाक लाकडाला लावून
बराच वेळ वास घेत बसले.
घासायला याला तीनच जन्म असतात, बाई,
दोन होऊन गेलेत.

आणि हे दोघं भाऊ
एकाच ओंडक्याच्या पोटातले,
पुस्तकासारखे उघडून समोरासमोर लावलेले.
रेषा जुळतात, रंग जुळत नाही.
उजवा बंगल्यात खिडकीशी उभा असायचा,
उन्हाने मधासारखा पिवळा पडला.
डावा आडोशाला,
चहा उकळून उकळून होतो तसा.
मी म्हटलं, रंग मिळवून द्या.
ते म्हणाले, देतो. चार हात चपडी, थोडा रंग,
संध्याकाळपर्यंत जुळे.
पण ऊन माझ्या हाताखाली काम करत नाही.
जागा बदलत चला.
संक्रांतीला हा खिडकीत, आषाढात तो.
किती वर्षांत सारखे होतील?
त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं
आणि डब्याचं झाकण उघडलं.

जवसाचं उकळलेलं तेल, जुन्या धोतराची चिंधी,
रेषेच्या दिशेने, कधीच आडवं नाही.
थंडीत तेल वाळायला तीन दिवस घेतं,
तोवर घरात शिरलेला प्रत्येक जण विचारतो
कशाचा वास.
चिंधी चुरगळून टाकायची नाही,
आपल्याच उबेने पेटते.
माझ्या दोरीवर ती पसरलेली असते,
टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यामध्ये.

डाव्याच्या माथ्यावर एक गोल आहे,
पांढुरका, एका जागी तुटलेला.
कुंडीचा नाही, कुंडी मोठी असते.
पेल्याचा. कुणीतरी रोज
त्याच जागी ठेवलेल्या पेल्याचा.
शब्बीरभाई म्हणाले, स्पिरिटने दहा मिनिटं.
मी लाल खडू शोधला, मनातल्या मनात.
सापडला नाही.

आठव्या दिवशी फोन आला.
नव्या कडा बसल्या का, वाजतात का, सगळं विचारून झालं,
मग तिकडून, जरा थांबून :
तो राउंड गेला?
मी म्हटलं, नाही. घासला असता तर साय गेली असती.
हे खरं होतं, पुरतं खरं नव्हतं.
तिकडे पंखा फिरल्याचा आवाज.
मग, ठीक छे. सांजे वाजव. हळू वाजव.

आता संक्रांत झाली. डावा खिडकीत गेलाय.
वायरी मात्र मी अदलाबदल केल्या नाहीत,
त्यामुळे तबला, जो आषाढापासून
कपाटाकडून यायचा,
तो खिडकीतून येतो.
पहिले दोन दिवस
मी उठून खाली रस्त्यावर पाहिलं.